गिराण कुणाचं सुटलं?

राहू नावाचा राक्षस चंद्राला गिळतो हे थोतांड आहे, एवढं म्हणायला आता काही धाडस लागत नाही. गळ्यात निळा रुमाल टाकलेलं कुठलंही पोरगं भाषणात ते म्हणतं, टाळी घेतं आणि खाली बसतं. माझं भांडण त्या टाळीशी आहे. खाली बसलेल्या त्या कार्यकर्त्याला मी विचारतो, भाऊ, राहू गिळत नाही हे कळलं, मग काय होतं ते तरी सांग. तो म्हणतो, पृथ्वीची सावली पडते. शाब्बास. पण पौर्णिमा तर दर महिन्याला येते, दर पौर्णिमेला पृथ्वी मधेच असते, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत? गप्प. मग शेजारचा मदतीला धावतो : चंद्राची कोर होते ती पण पृथ्वीच्या सावलीनंच ना, तसंच हे, जरा मोठी सावली पडली की गिराण!

इथं माझं डोकं फिरतं. कोर सावलीनं होत नाही. बिलकुल होत नाही. आणि ज्याला कला आणि ग्रहण यातला फरक सांगता येत नाही त्यानं राहूला कितीही शिव्या घातल्या तरी राहूचं काही बिघडत नाही, कारण राहूला उठवून त्या जागी ठेवायला याच्याजवळ काहीच नसतं. जागा रिकामी राहिली की मोर्चा पांगल्यावर राहू गुपचूप येऊन परत बसतो. कुणाच्या घरात बसतो ते पुढं सांगणार आहे.

आधी हे बघा की हा प्रश्न आपल्याला इतका का चिकटलेला आहे. "दे दान, सुटे गिराण!" ही आरोळी कुणाच्या तोंडची? बामणवाड्यातली नव्हे. ग्रहण लागलं की आपले आजे-पणजे, महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले, फाटकं धोतर पसरून गावात शिरायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचे. एरवी ज्या गल्लीत पाय टाकायची बंदी त्या गल्लीत त्या रात्री त्यांना मोकळीक. वरून मूठभर ज्वारी, जुनेर, एखादा तांब्याचा पैसा टाकला जायचा. टाकला जायचा, दिला जायचा नाही, हा फरक ज्यानं झेलला त्यालाच कळतो. आणि हे दान का? तर राहू-केतू तुमच्या जातीचे! रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे ग्रंथ १९१६ साली छापले, त्यात मांगांविषयी नोंद आहे की राहू आणि केतू हे दोघं मांग समजले जातात, म्हणून त्यांच्या जातभाईंना दान दिलं की ते शांत होतात आणि चंद्र-सूर्याला सोडतात. म्हणजे बघा कारागिरी. आकाशात काही काळं दिसलं की त्याची जात ठरलेली. चोर वर, जामीनदार खाली. आणि जामिनाच्या बदल्यात मूठभर ज्वारी.

पुराणातली मूळ गोष्ट तर याहून बोलकी आहे. देवांच्या पंगतीत एक असुर गुपचूप बसला, अमृताचा घोट घेतला, सूर्य-चंद्रांनी चुगली केली आणि विष्णूनं त्याचं मुंडकं उडवलं. मुंडकं राहू, धड केतू. पंगतीत बसला म्हणून मुंडकं! ही गोष्ट कुठल्या समाजात सुचली हे आपल्याला सांगायला कोणी पंडित नको. आपले काही कवी राहूला नायक करतात. करू द्या, मीही एक कविता केली आहे. पण कविता ही कविता. राहूला आपला बाप म्हटलं काय आणि गावाचा चोर म्हटलं काय, दोन्हीकडे राहू शिल्लक राहतो. मला तो शिल्लकच नको आहे.

आता सावलीचं बघा. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात पेशवाईतल्या सावलीच्या विटाळाचा दाखला दिला आहे : हिंदू रस्त्यानं येत असेल तर अस्पृश्यानं त्या रस्त्यानं जायचं नाही, सावली पडेल. पुण्याच्या वेशीत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी बंदी होती अशीही नोंद आहे. वेळ नीट बघा. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर सूर्य खाली असतो, माणसाची सावली लांब पडते. म्हणजे सावली कशी पडते, कधी लांबते, कधी आखडते, याचं सगळं भूमितीशास्त्र त्यांना पाठ होतं. ते आपल्याला रस्त्यावरून हाकलायला वापरलं. आणि तीच भूमिती आकाशात आली की म्हणायचं, राहू! खाली सावलीचा विटाळ, वर सावलीचं सूतक. ग्रहणाच्या काळाला तोच सूतक हा शब्द, तीच आंघोळ, पाण्याच्या भांड्यावर तीच तुळस, तेच शिवाशिवीचं भय. ग्रहण म्हणजे अस्पृश्यतेची आकाशात काढलेली प्रत आहे. म्हणून म्हणतो, सावलीचं शास्त्र आपण हातात घेतलंच पाहिजे. सावली काय करते हे आपल्याइतकं कोणी सोसलेलं नाही.

तर आता नीट ऐका. ऐकू नका, करूनच बघा. खोलीत अंधार करा, एकच बल्ब लावा. बल्ब म्हणजे सूर्य. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. एका काडीला बटाटा खोचा, तो चंद्र. हात लांब करून बटाटा डोक्याच्या जरा वर धरा आणि जागच्या जागी गिरकी घ्या. बटाट्याचा अर्धा भाग कायम उजेडात असतो. कायम. पण बटाटा बल्बच्या दिशेला असतो तेव्हा त्याची काळी बाजू तुमच्याकडे, ही अमावास्या. पाव गिरकी घेतली की अर्धा उजळ, अर्धा काळा, ही अष्टमी. बल्बकडे पाठ केली की पूर्ण उजळ बाजू तुमच्याकडे, ही पौर्णिमा. या सगळ्यात तुमच्या डोक्याची सावली बटाट्यावर कुठंच पडली नाही. कला म्हणजे उजळलेला अर्धा चंद्र आपल्याला कोणत्या बाजूनं दिसतो, एवढंच. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस, आणि ही गिरकी चालूच.

आमच्या गिरणीत जे रात्रपाळी करतात त्यांना तर बटाट्याचीही गरज नाही. वद्य अष्टमीच्या सुमाराला सकाळी सातला पाळी सुटली की वर बघा. पूर्वेला सूर्य निघालेला, आणि अर्धा चंद्र डोक्यावर, पांढरा, धुतलेल्या कापसासारखा. उजळ बाजू बरोबर सूर्याकडे. आता मला सांगा, सूर्य पूर्वेला असताना पृथ्वीची सावली कुठं पडेल? पश्चिमेला, सूर्याच्या उलट्या अंगाला. ती डोक्यावरच्या चंद्राला कुठून शिवणार? एवढं एक दृश्य पुरे आहे. कोर पृथ्वीच्या सावलीनं होते म्हणणाऱ्याला पहाटे उठवा आणि वर बघायला लावा. (पृथ्वीची सावली खरोखर बघायची असेल तर त्याच पहाटे, सूर्य उगवायच्या थोडं आधी, पश्चिमेच्या क्षितिजाला निळसर काळपट पट्टा दिसतो तो बघा, आभाळ स्वच्छ हवं. तीच ती. रोज पडते, कोणाला बाटवत नाही.)

मग ग्रहण कधी? आता तो बटाटा डोक्याच्या वर न धरता बरोबर डोक्याच्या रेषेत धरा आणि बल्बकडे पाठ करा. डोक्याची सावली बटाट्यावर पडली. चंद्रग्रहण. तसाच पुढं बल्बच्या दिशेला आणा, बटाट्यानं बल्ब झाकला. सूर्यग्रहण. म्हणून चंद्रग्रहण पौर्णिमेलाच, सूर्यग्रहण अमावास्येलाच. पंचमीला ग्रहण लागलं असं जगाच्या इतिहासात घडलेलं नाही, घडणार नाही.

आणि दर पौर्णिमेला का नाही, याचं उत्तर तुम्ही हातानंच दिलंत : बटाटा वर धरला म्हणून. चंद्राची वाट पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वाटेशी सपाट नाही, पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे थोडं वाटतं. पण चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तितक्या लांबवर पाच अंशांचा कल म्हणजे चंद्र कधी ३४ हजार किलोमीटर वर, कधी तितकाच खाली. आणि पृथ्वीची दाट सावली तिथं रुंदीला किती? सुमारे नऊ हजार किलोमीटर. चंद्र स्वतः साडेतीन हजाराचा. तेव्हा बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो, सावलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आयाबहिणींना सांगायचं असेल तर दोन बांगड्या घ्या, एकीत एक अडकवा, जराशी कलती धरा. दोन बांगड्या एकमेकींना दोनच ठिकाणी ओलांडतात. एक सूर्याची दिसणारी वाट, दुसरी चंद्राची. ओलांडायच्या त्या दोन जागा, त्यांचीच नावं राहू आणि केतू! हो दोस्तांनो, पंचांगवाल्याच्या गणितात राहू-केतू म्हणजे दोन बिंदू आहेत. त्यांना मुंडकं नाही, धड नाही, दात नाहीत. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सूर्य त्या बिंदूंपैकी एकाच्या जवळ असला की ग्रहण, नसला की नाही. सूर्य अशा बिंदूजवळ सुमारे १७३ दिवसांनी येतो, म्हणून ग्रहणांचे हंगाम साधारण सहा-सहा महिन्यांनी. ते बिंदूही उलट्या दिशेनं सरकत असतात, साडेअठरा वर्षांत एक फेरी. ज्योतिषी सांगतो राहू एका राशीत दीड वर्ष असतो, ते कुठून आलं? साडेअठराला बारानं भागा. गणित चोख आहे. चोख गणितावर भीतीचं दुकान टाकलेलं आहे. पंचांग उघडा : स्पर्श, मध्य, मोक्ष, मिनिटासकट छापलेलं. राक्षस भूक लागेल तेव्हा गिळत असता तर त्याचं टाइमटेबल वर्षभर आधी छापून आलं असतं का? आमच्या सुरत-भुसावळ लाइनीची पॅसेंजर इतकी वेळेवर येत नाही.

तेव्हा त्यांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. हेच मला सांगायचं आहे, आणि यासाठी लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला जा. पाटणादेवीच्या डोंगराखाली. तिथं एक शिलालेख सापडला, भाऊ दाजींनी १८६५ साली तो जगापुढं आणला. बाराव्या शतकातला भास्कराचार्य, १११४ चा जन्म, ज्याच्या 'सिद्धांतशिरोमणी'त चंद्रग्रहणावर वेगळं प्रकरण आणि सूर्यग्रहणावर वेगळं प्रकरण, त्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबाचे ग्रंथ शिकवायला पाटण्याला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. कोणत्या मुहूर्तावर? १२०७ साली, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर! म्हणजे ग्रहणाचं गणित शिकवणारी शाळा, आणि तिचं दान ग्रहणात. आपले पूर्वज गल्लीत 'दे दान' ओरडायचे तेव्हा मूठभर ज्वारी. इथं दानात काय? त्या लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारात विकणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिलेला आहे, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. घाण्याला जुंपलेल्या माणसाच्या घामातून ग्रहणाचं गणित शिकलं गेलं. त्या मठाच्या ओसरीवर कुणाची पोरं बसली आणि कुणाची बसली नाहीत, हे लेखात कोरायची त्यांना गरजच वाटली नसणार.

आणि गणित करून झाल्यावर काय? आर्यभटानं ४९९ साली सरळ लिहिलं होतं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली सावलीचंच गणित केलं, पण राहू नाकारणाऱ्यांना मात्र वेदाविरुद्ध बोलता म्हणून दटावलं. अल्बेरुनी नावाचा परदेशी विद्वान १०३० च्या सुमाराला हे वाचून चक्रावला की एवढा हुशार माणूस असा का बोलतो. भास्कराचार्यानंही शेवटी तडजोड लिहून ठेवली : देवाचा वर मिळालेला अंधाराचा राहू त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, तेव्हा शास्त्रालाही धक्का नको. सगळा हिशेब बरोबर आणि खाली सही भटजीची! या माणसांच्या बुद्धीला मी कमी लेखत नाही. यंत्र नसताना काढलेला तो हिशेब बघून माझ्यासारख्या दहावी नापास माणसाची छाती दडपते. पण अज्ञानी भटाला मी एकवेळ माफ करीन. जाणता असून गप्प बसलेल्याला नाही.

पाटणे ज्या चाळीसगाव तालुक्यात आहे त्याच चाळीसगावच्या स्टेशनवर १९२९ च्या ऑक्टोबरात धुळ्याहून येणारे बाबासाहेब उतरले होते. वस्तीतल्या लोकांनी त्यांना आग्रहानं थांबवून घेतलं. टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्यानं देतो म्हणाला, हाकणार नाही. मग कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकानं लगाम धरला, पुलाच्या फरशीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. गणिताच्या मठापासून त्या पुलापर्यंत अंतर काही कोसांचं आणि सातशे बावीस वर्षांचं. एवढ्या काळात चंद्राची सावली कळली, माणसाची कळली नाही.

आता घरातलं. बोलायला कडू आहे, पण बोलतो.

७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. खग्रास चंद्रग्रहण, आपल्या सगळ्या देशातून दिसणारं. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सुरू, ११ ते १२ वाजून २३ मिनिटांपर्यंत पूर्ण लाल चंद्र, १ वाजून २६ मिनिटांनी खलास. पंचांगाचा नियम असा की चंद्रग्रहणाच्या नऊ तास आधी वेध, म्हणजे दुपारी १२ वाजून ५७ मिनिटांपासून. आता पौर्णिमा म्हणजे आपला वंदनेचा दिवस. बाकीच्यांची देवळं बंद झाली तर होऊ द्या. पण एका विहारात (नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल) संध्याकाळची वंदना सकाळी उरकून घेतली! कारण विचारलं तर म्हणाले, संध्याकाळी लोक येणार नाहीत हो. का येणार नाहीत? त्यावर उत्तर नाही, नुसतं हसणं. राहू विहाराच्या दारात उभा होता आणि आपण त्याला वेळ बदलून दिली.

आणि माझी धाकटी बहीण. सातवा महिना. सासरच्या घरात भिंतीवर बाबासाहेब, शेजारी बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. दुपारी एकपासून तिला आतल्या खोलीत बसवलेलं. खिडकीला गोधडी. विळी-चाकूला हात नको, सुई-दोरा नको, पाणी नको. "पोरी, गऱ्हन लागेल शे, बाहेर निंघू नको, पोऱ्याना व्हट फाटी." तिची सासू म्हातारी, तिच्यावर माझा राग नाही. तिच्या पदरात पिढ्यान्‌पिढ्यांचं भयच टाकलं गेलं. माझा राग तिच्या मुलावर, जो मोर्चात पुढं असतो. मी दहाच्या सुमाराला गेलो तर पोरगी घामानं निथळत भिंतीला टेकलेली, जीभ कोरडी. दुपारी एक ते रात्री दीड, हिशेब करा, साडेबारा तास पोटुशी बाई पाण्यावाचून! मी आधी तिला तांब्याभर पाणी पाजलं. मग विचारलं, पाव्हणे, हे काय? म्हणाले, आपला विश्वास नाही हो, पण रिस्क कशाला? मी म्हटलं, बरं, मग एवढं सांगा, मागच्या पौर्णिमेला ग्रहण का नव्हतं? बघत राहिले. त्यांना राहू खोटा आहे हे ठाऊक होतं. खरं काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्या फटीतून राहू आत आला आणि माझ्या बहिणीच्या घशात बसला.

फाटक्या ओठाचं मूल ग्रहणानं होत नाही. गर्भ राहिल्यानंतर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच ओठ-टाळू जुळायचे असतात. ते न जुळण्यामागं वंश, आईचं पोषण, काही औषधं, विडी-तंबाखू अशी कारणं असतात. सातव्या महिन्यात वर सावली पडली काय न पडली काय. पण सातव्या महिन्यात साडेबारा तास पाणी तोडलं तर काय होतं ते दवाखान्यातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. मी तिला अंगणात आणून बसवली. ढग मधे मधे येत होते. फटीतून चंद्र दिसला, तांब्याच्या जुन्या पैशासारखा लाल. ती म्हणाली, दादा, काळा का नाही रे झाला? चांगला प्रश्न. पृथ्वीभोवती हवा आहे, त्या हवेतून वाकून सूर्याचा उजेड सावलीत शिरतो आणि त्यातला लालच तेवढा पोचतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्यांचा उजेड चंद्रावर पडलेला असतो. पाव्हणेही मागं येऊन उभे राहिले होते, हे नोंदवायला हवं.

पुढं पंधरा दिवसांनी, २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येला, सूर्यग्रहण. टीव्हीवरचे बुवा लगेच सुरू : पितृपक्षाच्या दोन्ही टोकांना ग्रहण, महाअशुभ! अरे बाबांनो, पौर्णिमेला ग्रहण झालं म्हणजे सूर्य त्या बिंदूजवळ होता. पंधरा दिवसांत तो कितीसा लांब जाणार? मग अलीकडच्या किंवा पलीकडच्या अमावास्येलाही ग्रहण होतंच, जगात कुठं ना कुठं. ग्रहणं जोडीनंच येतात. ते २१ तारखेचं खंडग्रास होतं न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला, आपल्याकडे दिसलंसुद्धा नाही. सावली पेंग्विनवर पडली आणि श्राद्धाची दक्षिणा इथं वाढली.

आपल्या अमळनेरचं तर काय बोलावं. १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर असलेलं हे गाव. त्याच गावात मंगळ ग्रहाचं देऊळ, दर मंगळवारी रांग. भारताचं यान २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच मंगळाभोवती फिरू लागलं, रांग तसूभर हलली नाही. रांगेत आपली पोरंही आहेत, पत्रिकेतला मंगळ घेऊन. बौद्धाच्या पोरीची पत्रिका! असो, तो वेगळा लेख होईल.

एक प्रामाणिक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी तोंडावर मारेल. पाली ग्रंथांतही राहू आहे. संयुत्त निकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त अशी दोन छोटी सुत्तं आहेत, राहूनं धरल्यावर चंद्र आणि सूर्य बुद्धाला शरण जातात आणि बुद्ध राहूला सोड म्हणतात. हे लपवायचं नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली आला, त्यात बाबासाहेबांनी कसोटी घालून दिली आहे : बुद्ध विवेकाला आणि तर्काला सोडून बोलणारे नव्हते, तेव्हा जे तर्काला धरून नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारायचं कारण नाही. त्या कसोटीवर ही दोन सुत्तं घासा. भटाचा राहू वाईट आणि आपला राहू चांगला, असं चालणार नाही.

काही साथी म्हणतील, पोटाचा प्रश्न आहे, रोजगाराचा आहे, अत्याचाराचा आहे, आणि हा चंद्राच्या मागं लागला. मी आठ तास साच्यावर उभा राहतो, पोटाचा प्रश्न मला कोणी शिकवू नये. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढणं आणि शिळ्या तुकड्यासाठी हात पसरणं सोडा म्हटलं, तेव्हाही पोटाचाच प्रश्न होता. 'दे दान' ही आरोळी आपल्या माणसांनी सोडली ती पोट भरलं म्हणून सोडली नाही. पण आरोळी सोडली आणि तिच्यामागचं आभाळ तसंच ठेवलं. मातंग वस्तीत काही ठिकाणी ती आरोळी अजून कानावर येते, आणि आपण 'ते अजून सुधारले नाहीत' म्हणून नाक मुरडतो. नाक मुरडायला आपण कोण? बटाटा आणि बल्ब घेऊन जा तिकडे.

पुढची तारीख वहीत लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावास्या, लोक गटारीच्या नादात असतील. इजिप्तमध्ये लक्सोरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास सूर्यग्रहण, आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. पाऊसकाळ आहे, ढग असतील, फट मिळेल तेवढं बघायचं. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही, काजळी लावलेली काच नको, एक्स-रेची फिल्म नको, ग्रहणाचे खास चष्मे मिळतात ते आधी मागवून ठेवा. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी पुठ्ठ्याला दाभणानं बारीक भोक पाडायचं, सूर्याकडे पाठ करायची, भोकातून येणारा उजेड दुसऱ्या पांढऱ्या कागदावर घ्यायचा, कागदावर कुरतडलेला सूर्य दिसेल. पुठ्ठाही नसेल तर वस्तीतल्या कडुनिंबाखाली पोरांना उभं करा. पानापानांतली प्रत्येक फट तेच काम करते, जमिनीवर शेकडो कुरतडलेले सूर्य पडतात. पोटुशा बायांना सावलीत खुर्ची द्या आणि पाण्याचा माठ तिथंच ठेवा. बल्ब, बटाटे आणि बांगड्या मी आणतो. दुपारची पाळी असली तर बदलून घेईन.